तुला मीठ हवं का?

फादर सुपीरियर शिबिराला गेले तेव्हा बरे होते. परत आले ते काखेत रंगीत कार्डपेपरचं भेंडोळं आणि डोक्यात एक नियम घेऊन.

शिबिराचा विषय होता सामूहिक जीवन. ज्या घरात सगळे एकाच छपराखाली झोपतात, एकाच घंटेला उठतात, एकाच सुरात प्रार्थना म्हणतात आणि एकाच नळासमोर दात घासायला रांग लावतात, त्या घराच्या प्रमुखाला सामूहिक जीवन शिकायला परगावी का जावं लागतं, असं स्वयंपाकाच्या मावशींनी विचारलं होतं. पण मावशींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची पद्धत त्या घरात नव्हती.

घर एका धर्मसंस्थेचं. तरुण मुलगे इथे व्रतस्थ व्हायला यायचे. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं आधी वर्षावर्षाच्या बोलीवर घ्यायची, अभ्यास करायचा, आणि घरातल्या मोठ्यांना नि बरोबरीच्या भावांना तुम्ही पसंत पडलात की मग कायमची. म्हणजे लग्नासारखंच, फक्त पसंती सासरच्या सगळ्यांनी मिळून करायची.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादरनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि पिवळा कार्डपेपर भिंतीला चिकटवला. त्यावर एक मोठा डोळा काढलेला होता. तळलेल्या अंड्यासारखा दिसत होता, पण डोळाच होता, कारण खाली ‘डोळा’ असं लिहिलेलं होतं.

“आजपासून,” फादर म्हणाले, “या घरात कोणीही स्वतःसाठी काहीही मागणार नाही. जो मागतो तो स्वतःकडे बघत असतो. आपण भावाकडे बघायचं. तुला काय हवंय ते तुझ्या शेजारच्याच्या लक्षात येईल. तो तुझ्यासाठी मागेल, तू त्याच्यासाठी माग.”

“आणि नाही आलं लक्षात, तर?” मागून कर्णाने विचारलं. कर्णा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. प्रार्थनेत तो पुटपुटला तरी मागच्या अंगणातली कावळ्याची पोरं दचकायची, म्हणून पडलेलं नाव.

“येईल,” फादर म्हणाले. “प्रेम असेल तर येईल. नाहीच आलं, तर प्रेम कुठे कमी पडतंय ते सगळे मिळून शोधू.” आणि त्यांनी गुलाबी कार्डपेपर उलगडला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या घरात टाळ्यांना तोटा नव्हता. छपरावर पाण्याची नवी टाकी बसली तेव्हाही वाजवल्या होत्या.

दोऱ्यानेही वाजवल्या. दोरा म्हणजे शिंपीणबाईंचा मुलगा. अंगाने सडपातळ, आणि घरातले सगळे झगे, उशांचे अभ्रे, फादरांच्या पँटची बटणं हाच शिवून द्यायचा. बाप लहानपणीच गेला. आईने एका शिलाई मशीनवर मुलगी उजवली आणि मुलगा देवाला दिला. आता हे त्याचं शेवटचं वर्ष. वर्ष संपताना घर त्याच्याविषयी वर, संस्थेच्या वरिष्ठांना, कळवणार होतं, घ्या म्हणून किंवा नका घेऊ म्हणून. फादरनी सांगूनच टाकलं की यंदा कळवताना पहिला मुद्दा एकच असेल: हा भाऊ स्वतःसाठी मागतो का?

तेव्हा सगळे शहाणे झाले, आणि जेवणाचे हाल सुरू झाले.

मावशींच्या हाताला मिठाचा अंदाज नव्हता. एक दिवस समुद्र, एक दिवस वाळवंट. वाळवंटाच्या दिवशी मिठाची बाटली टेबलाच्या टोकाला असायची आणि कोणाला मागता यायची नाही. मग हळूहळू युक्त्या निघाल्या. एकजण घास तोंडात घेऊन आभाळाकडे बघायचा. एकजण खोकायचा. पण सगळ्यांत चालली ती युक्ती म्हणजे शेजाऱ्याला विचारायचं, “तुला मीठ हवं का रे?” याचा अर्थ मला हवंय. यावर शेजाऱ्याने ओशाळून म्हणायचं, “नको, तुला?” आणि मग मीठ हलायचं. पण कधीकधी शेजारीही पक्का असायचा. तो म्हणायचा, “हो, दे,” आणि सगळं मीठ स्वतःच्या ताटात ओतून घ्यायचा.

शिवाय ओळखण्याची चढाओढ लागली. ज्याचं पोट बिघडलंय त्याच्या ताटात दोन्ही बाजूंनी वाढप व्हायचं, कारण तो जेवत नाहीये हे दोघांच्या लक्षात आलेलं असायचं. एकाला दाढीचं ब्लेड हवं होतं. त्याची दाढी वाढली, तेव्हा भावांनी ओळखलं की हा वैराग्याकडे झुकतोय, आणि त्याच्या खोलीतला आरसाही काढून नेला.

एकट्या फादर सुपीरियरना कधी काही कमी पडलं नाही. ते खुर्चीत टेकायच्या आत मीठ, पाणी, चमचा, नॅपकिन आणि पाठीला उशी हजर. प्रत्येकजण त्यांच्याकडे टक लावून बसलेला. जेवून उठताना ते तृप्त होऊन म्हणायचे, “बघा, नियम किती सहज चालतोय.”

एका रविवारी व्हरांड्यातला फोन दोऱ्यासाठी वाजला. मुलांचे मोबाइल ऑफिसच्या कपाटात असायचे. घरच्यांशी बोलायचं ते व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत.

“हॅलो, तूच का?” आईचा आवाज आला. आईला फोनची तशी गरज नव्हती. तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, मशीन चालू असताना बोलायची, गल्लीच्या त्या टोकाला गेलेल्या गिऱ्हाइकाला या टोकावरून ब्लाउजचा गळा विचारायची. “किती बारीक आवाज येतोय तुझा! खायला घालतात की नाही?”

“घालतात ग. जरा अळणी असतं, एवढंच.”

“मग माग की मीठ! तोंड नाही का तुला?”

“ते जाऊ दे. तू कशी आहेस?”

“मला काय धाड भरलीय? ती गळ्यातली गाठ काढतायत गुरुवारी. चिंचोक्याएवढी होती, आता लिंबाएवढी झालीय. तू येऊ नकोस हं. अभ्यास बुडेल. ताई आहे, दाजी आहेत. ऑपरेशन म्हणजे काय, उसवायचं नि शिवायचं, दुसरं काय असतं? उगाच धावत येऊ नकोस. गर्दी कशाला करायची दवाखान्यात? मुळीच येऊ नकोस.”

दिवाळीदसऱ्याला नवं पातळ नको, दुखलं तर डॉक्टर नको, म्हातारपणी सून नको, असं सगळं नको म्हणण्यात जन्म गेलेली ती बाई. पण एका दमात इतक्यांदा ती नको म्हणाली नव्हती.

मग फोन ताईने घेतला. पावलं वाजली, दार लोटल्याचा आवाज आला, आणि ताई हळू बोलायला लागली. “ऐक, ती सांगायची नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय. काढताना धक्का लागला तर आवाज जाईल. घोगरा होईल, नाहीतर जाईलच. तिची सही घेतलीय. तेव्हापासून बोलत सुटलीय अरे. बाबांबद्दल, तुझ्या जन्माबद्दल, मेलेल्या शेजाऱ्यांबद्दल. मध्येच विचारते, तो यायचाय का? आणि मी काही बोलायच्या आत म्हणते, नको, कशाला.”

“येतो मी.”

“बुधवारी दुपारी दाजी बेकरीची व्हॅन घेऊन तुमच्या बाजूला पाव टाकायला येतात. गेटपाशी उभा राहा, ते आणतील तुला. सुट्टी तेवढी मागून ठेव.”

“मागतो,” दोरा म्हणाला, फोन ठेवला, आणि मग त्याला आठवलं की आपण कुठे राहतो.

तरी तो तसाच जाऊन फादरांच्या दारात उभा राहिला. “फादर, मला जरा...”

फादरनी एक बोट वर केलं. चेहऱ्यावर मोठं प्रेमळ हसू होतं. “कोणाला?”

“मला.”

“जा,” फादर म्हणाले. “तुझ्या भावांना संधी दे.”

संधी द्यायची म्हणजे दिसेल असं दुःखी व्हायचं. दोऱ्याला ते नवीन नव्हतं, पण लोकांच्या नजरेत भरेल असं दुःखी होणं ही वेगळी कला आहे. त्याने जेवताना सुस्कारा टाकला. पुढचा जरा मोठा टाकला. दुपारी बागेत झाडांना पाणी घालताना खुरपं हातात धरून क्षितिजाकडे बघत उभा राहिला. 

पहिल्यांदा ओळखलं ते आजोबाने. हा आजोबा दोऱ्यापेक्षा वर्षभराने लहानच होता, पण बारा महिने गळ्यात मफलर, गुडघ्याला बाम, आणि गेल्या वर्षीच्या गोष्टीसुद्धा ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करून सांगायचा. तो जेवणाच्या टेबलावर दोऱ्याच्या उजवीकडे बसायचा. रविवारी संध्याकाळी तो दोऱ्याच्या खोलीत आला आणि त्याच्या हातात एक पुडी ठेवून म्हणाला, “बोलू नकोस. मी ओळखलंय. कोमट पाण्यातून घे, सकाळी पोट लख्ख साफ होईल.”

कर्णा टेबलावर डावीकडे बसायचा. त्याने आपली उशी आणून दिली. “तुझी मान दुखतेय. तू सारखा वर बघतोस.”

सोमवारी सकाळी प्रकरण हाताबाहेर गेलं. चॅपेलमध्ये प्रत्येकाने एक विनंतीप्रार्थना म्हणायची रीत होती. त्यात एकजण घसा साफ करून म्हणाला, “आपल्यातला एक भाऊ एका व्यक्तीच्या आठवणीने व्याकूळ आहे, त्याला या मोहातून सोडव.” सगळे म्हणाले, “प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” दोराही म्हणाला. कोण बिचारा असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि मान वळवली तर सगळे त्याच्याकडेच बघत होते.

न्याहारीनंतर फादरनी बोलावलं.

“बस,” ते म्हणाले. “घाबरू नकोस. तुझ्या आयुष्यात एक स्त्री आहे, हे तुझ्या भावांच्या लक्षात आलंय.”

“आहे फादर, पण ती...”

“श्श! सांगू नकोस. तू सांगितलंस तर त्यांनी ओळखण्याला अर्थ काय राहिला? सगळ्यांनी या वाटेवर हे सोसलेलं आहे. फोनवर तिच्याशी बोलताना तुझे डोळे भरले होते, एकाने पाहिलं. किती दिवस चाललंय?”

“जन्मापासून,” दोरा म्हणाला.

फादरांच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. “बालमैत्रीण. ते जास्त अवघड.” त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. “तुला एकांत हवाय, मी ओळखलंय. गुरुवारी तू दिवसभर मौन पाळ. खोलीतून बाहेर पडू नकोस. फोन नाही, माणसं नाहीत. जेवण दाराशी येईल. शुक्रवारी बघ कसं हलकं वाटतं ते.”

दोरा बाहेर आला तेव्हा त्याला हसू येत होतं. ते हसू त्याने गिळलं, कारण कोणी पाहिलं असतं तर आणखी काही ओळखलं असतं.

आता काय करायचं? त्याने पुष्कळ विचार केला. मग त्याला वाटलं, मीठ ज्या युक्तीने मिळतं त्याच युक्तीने आई का मिळू नये? मंगळवारी दुपारी तो आजोबाबरोबर भांडी पुसत होता. सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, “काय रे, तुझ्या आईचं कसं आहे?”

झालं. आजोबाच्या हातातलं पातेलं खाली पडलं, आणि तो मफलरमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागला.

“तुला कसं कळलं? अरे, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही मला! मी इकडे आलो तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमचं औषधांचं दुकान आहे, मीच ते चालवणार होतो. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, जा, आजपासून मला मुलगा नाही. माझ्या खोलीत कोंबड्या ठेवल्यात तिने! माझ्या पलंगावर अंडी घालतात!”

“अरेरे,” दोरा म्हणाला. “आणि तब्येत?”

“तब्येतीला काय झालंय? पोतं उचलते एका हाताने. पण बोलत नाही ना!” आजोबाने नाक पुसलं. “मी रोज वाट बघायचो. म्हटलं, कोणाच्या तरी लक्षात येईल. आणि तू ओळखलंस. तू!”

दोऱ्याने थोडी वाट पाहिली. आता हा विचारेल, आणि तुझ्या आईचं? पण आजोबा कोंबड्यांच्या जातींवर गेला होता. त्यानंतर धाकट्या भावावर गेला, दुकानाच्या पाटीवर गेला. सगळी भांडी पुसून झाली, दोऱ्याने पुसलेली भांडी पुन्हा पुसली, तरी संपेना.

संध्याकाळी हॉलमध्ये फादरनी नेहमीप्रमाणे विचारलं, “आज कोणाला भावासाठी काही मागायचंय?” आजोबा दोऱ्याकडे असा बघत होता, की वासरूसुद्धा इतक्या आशेने बघत नाही. दोरा काय करणार? उठला. “फादर, आजोबाला घरी जायला रजा द्या. त्याची आई त्याच्याशी बोलत नाही.”

फादरांचे डोळे पाणावले. “हेच ते! हेच मी सांगत होतो!” पिवळ्या कार्डपेपरवर डोळ्याखाली सगळ्यांची नावं लिहिलेली होती, त्यात दोऱ्याच्या नावापुढे सोनेरी चांदणी चिकटवली गेली. टाळ्या वाजल्या. आजोबाला चार दिवसांची रजा मिळाली, आणि फादर म्हणाले, ज्या भावाच्या मनात स्वतःचं एवढं वादळ असताना तो दुसऱ्याकडे बघतो, त्या भावाबद्दल वर काय कळवायचं याची मला चिंता राहिलेली नाही.

म्हणजे कायमची व्रतं खिशात. आता फक्त तोंड उघडायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी आजोबा पिशवी घेऊन निघाला. पिशवीचा बंद तुटलेला, तोही दोऱ्यानेच शिवून दिला. गेटपाशी आजोबाने त्याला घट्ट मिठी मारली. “देवमाणूस आहेस तू. तुला कधी काही लागलं तर सांग मला...” मग जीभ चावली. “नको, सांगू नकोस. मी ओळखीन.”

बस त्याला घेऊन गेली. दोरा गेटाचे गज धरून थोडा वेळ उभा राहिला. उद्या या वेळेला आईला आत नेतील. आत नेताना ती नर्सला काहीतरी सुनावत असेल. आणि आपण खोलीत मौन पाळत बसू, एका बालमैत्रिणीला विसरण्यासाठी. बाहेर आल्यावर तिच्या तोंडून नुसता वारा निघाला, तर मग आईचा आवाज ऐकल्याची शेवटची आठवण म्हणजे काय, तर येऊ नकोस.

दुपारच्या जेवणाला मौन असायचं. एकजण उभा राहून संतचरित्र वाचायचा आणि बाकीचे खाली मान घालून जेवायचे. त्या दिवशी कोणा तापसाने जेवणात राख कालवून घेतल्याचा भाग चालू होता. भाजी अळणी होती. दोऱ्याने चमचा ठेवला आणि उठून उभा राहिला.

“फादर, माझ्या आईच्या गळ्याचं उद्या ऑपरेशन आहे. तिचा आवाज जाईल कदाचित. मला घरी जायचंय. मला रजा हवी.”

वाचणारा थांबला. तापसाचा घास तोंडाशीच राहिला. फादरनी नॅपकिनने ओठांचे कोपरे टिपले, डावा, मग उजवा.

“तू मागतोयस,” ते म्हणाले. तू चोरतोयस असं म्हणावं तसं.

“हो, फादर.”

“स्वतःसाठी.”

“हो. स्वतःसाठीच.”

तेवढ्यात कर्णा खुर्ची मागे सारून उठला. “फादर, मी मागतो त्याच्यासाठी!” 

“मी पण!” पलीकडून दुसरा. “मला कालपासून वाटतच होतं!” 

“मला परवापासून!” 

“तू परवा मुलगी म्हणालास!”

“बाईमाणूस आहे एवढं तर ओळखलं ना मी?”

“बसा!” फादर म्हणाले. “सांगितल्यावर ओळखणं याला ओळखणं म्हणत नाहीत. त्याने नियम मोडलाय.”

“पण फादर,” कर्णा म्हणाला, “आपल्या लक्षात आलं नाही, ही चूक आपली. त्याची कशी?”

फादर विचारात पडले. प्रश्न खरोखरच खोल होता. असे प्रश्न शिबिरात निघाले होते आणि प्रत्येक वेळी चहा आल्यामुळे राहून गेले होते. “म्हणजे प्रेम कुठे कमी पडलं ते शोधायला हवं,” ते म्हणाले. “सगळे हॉलमध्ये चला. आत्ताच.”

ताटं तशीच राहिली. मावशी स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “आज एवढी खारट झाली का?”

हॉलमध्ये गुलाबी कार्डपेपर लागला. गोल करून खुर्च्या मांडल्या. दोऱ्याला मागे, खिडकीपाशी बसवलं. “विषय तुझा आहे,” फादर म्हणाले, “म्हणून तू बोलू नकोस. मोकळेपणाने होणार नाही.”

चर्चा छान झाली. एकाने प्रेमाचे प्रकार सांगितले. दुसरा म्हणाला की मुळात ‘आई’ ही गरज आहे की ओढ, हे आधी ठरायला हवं. ओढ असेल तर ती ओळखायची की ओळखून दुर्लक्ष करायचं? तिसऱ्याने दोऱ्याची मनापासून क्षमा मागितली. डोळे मिटून, हात जोडून, फादरांकडे तोंड करून. त्याचं ऐकून आणखी दोघांना रडू आलं. क्षमेचा ओघ सुरू झाला. फादर हिरव्या पेनाने सगळं लिहून घेत होते.

बाहेर गेटपाशी हॉर्न वाजला. एकदा वाजला, थांबला, मग दाबूनच धरला. 

“कोण हा असंस्कृत माणूस?” फादर वैतागून म्हणाले. “एकमेकांचं ऐकू येईना झालंय. अरे, खिडकी लावा कोणीतरी.”

खिडकीपाशी दोराच होता. तो उठला. त्याने खिडकी लावली, खिट्टी घातली, पडदाही सारखा केला. आणि उठलाच होता, म्हणून तसाच दाराकडे गेला, दाराबाहेर गेला, व्हरांडा ओलांडला, आणि अंगावरच्या झग्यानिशी बेकरीच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला.

“सामान?” दाजींनी विचारलं.

“नाही.”

“सुट्टी दिली?”

“विचारविनिमय चाललाय. तुम्ही निघा.”

दाजी कमी बोलणारे. त्यांनी मागच्या ट्रेमधला एक पाव त्याच्या मांडीवर टाकला आणि गिअर बदलला. दुपारी अर्धं ताट सोडून उठलेल्या दोऱ्याने तो कोरडाच खाल्ला. त्याला मीठ होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. वॉर्डचं दार ढकलायच्या आधीच आईचा आवाज आला. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला ती बाही कशी कापली की काखेत दाटत नाही ते समजावून देत होती. त्या बाईच्या पायाला प्लास्टर होतं, त्यामुळे तिला उठून जाता येत नव्हतं.

आईने त्याला पाहिलं आणि वाक्य मध्येच राहिलं. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

“कशाला आलास?” मग ती म्हणाली. “सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून? आणि हा झगा कुणी धुतलाय, काळीकुट्ट कॉलर. बस. ते स्टूल नको, मोडकंय ते. इथे बस माझ्या पायाशी. ताई, सरक जरा. बघ, कसा वाळलाय.”

तो बसला. आईने बोलायला सुरुवात केली. तो जन्मला त्या दिवशी मशीनचा पट्टा कसा तुटला होता इथपासून. ताईने डोळ्यांनी खूण केली, बघ, हे असं चाललंय. मीठ का मागत नाहीस असं मध्येच तिने विचारलं, तेव्हा दोऱ्याने न मागण्याचा नियम सांगितला; एरवी तो नुसता ऐकत राहिला.

बऱ्याच वेळाने ताईचा मोबाइल वाजला. घरचा नंबर म्हणून प्रशिक्षणगृहात तोच दिलेला होता. ताईने तो दोऱ्याच्या कानाला लावला, पण तशी गरज नव्हती.

“दोऱ्या!” कर्णाचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. “अरे, चर्चा संपली! तुला रजा मंजूर झाली! एकमताने!”

“बरं झालं.”

“फादर म्हणतायत, ये आणि घे. सगळ्यांसमोर द्यायचीय. तू आहेस कुठे?”

“आईजवळ.”

“अच्छा. आम्हाला वाटलं संडासात आहेस. थांब, फादर बोलतायत.”

फादरांचा आवाज थंड होता. “तू न विचारता गेलास.”

“विचारलं होतं, फादर. त्याचीच चर्चा चालली होती.”

“उद्या सकाळी प्रार्थनेला तू इथे हवास. रीतसर रजा घे आणि मग जा. नाहीतर वर काय कळवायचं याचा मला पुन्हा विचार करावा लागेल.”

आईने हात पुढे केला. “दे इकडे.”

“आई, राहू दे.”

“दे म्हटलं ना.”

पाद्र्यांसमोर आई जन्मभर पदर सारखा करून, ‘हो फादर, बरं फादर’ एवढंच बोललेली. आताही तिने आधी पदर सारखा केला.

“फादर, मी त्याची आई बोलतेय. उद्या मला आत नेतील तेव्हा आणि बाहेर आणतील तेव्हा मला माझा मुलगा इथे हवाय. हो. नाही, त्याने काही शिकवलं नाही मला. मी मागतेय. माझ्यासाठी मागतेय. मी कुठलं व्रत घेतलेलं नाही, मला चालतं.” मग तिने थोडं ऐकून घेतलं. “करा. जरूर करा. ठेवते.”

“काय म्हणाले?” ताईने विचारलं.

“प्रार्थना करतो म्हणाले. म्हटलं, करा.” आई उशीला टेकली. जरा दमली होती. “आता तुला ठेवतील का रे ते?”

“माहीत नाही.”

“आणि तुला राहायचंय?”

दोऱ्याने विचार केला. कर्णाची उशी, आजोबाची पुडी, खरोखर रडलेली ती दोन-तीन मुलं. वेडी होती, पण त्याची होती. “राहायचंय,” तो म्हणाला.

“मग तेही तोंडाने सांग त्यांना. वाट बघत बसू नकोस.”

गुरुवारी तिला आत नेलं. नेताना ती खाट ढकलणाऱ्या माणसाला चाकाला तेल घालायला सांगत होती. दार बंद झालं, आणि बाहेरच्या बाकावर तिघे जण बसून राहिले. दाजींनी पाव आणले होते, ते कोणी खाल्ले नाहीत.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा उतरलेला. डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली. आवाजाचं आत्ता सांगता येत नाही. तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, ओठ हलवले. काही आलं नाही. दोरा खाली वाकला. पुन्हा ओठ हलले, आणि गंजलेल्या बिजागरीसारखा काहीतरी आवाज आला.

“पाणी.”

“एवढ्यात नाही द्यायचं,” नर्स म्हणाली. “ओठ तेवढे ओले करा.”

दोऱ्याने कापूस पाण्यात बुडवला आणि तिच्या ओठांवरून फिरवला.

“आवाज आला!” ताई ओरडली. “अहो, आला! ऐकलंत ना, आला!”

आईने कपाळाला आठी घातली. तिने पुन्हा तोंड उघडलं, आणि मोठ्या कष्टाने, एकेक अक्षर ओढत म्हणाली, “ओरडू नकोस. लोक झोपलेत.”